जुना एसी, गीझर आणि ७८ हजारांचं अनुदान: मंगळवार पेठेतल्या घराच्या नोंदी

घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत, तळमजला अधिक एक, माणसं पाच. गच्ची आमचीच, वर कुणी नाही. मे महिन्याचं विजेचं बिल ४३७ युनिटचं आलं तेव्हापासून ते कमी करायचं डोक्यात होतं. ज्यांना हेच करायचंय त्यांच्यासाठी लिहून ठेवतोय. किती दिवस वाया गेले आणि ते माझ्या चुकीने गेले की दुसऱ्याच्या, तेही लिहिलंय. बहुतेक माझ्याच.

२४ ऑगस्ट २०२५, रविवार

आधी वीज जाते कुठे ते बघितलं. सगळे एमसीबी (बोर्डातले वीज तोडणारे स्विच) पाडले, एकेक चालू करत मीटरवरचे आकडे कागदावर घेतले. अख्खी दुपार गेली. वरच्या खोलीतला दीड टनाचा एसी १४ वर्षांचा, तासाला १.७ युनिट खातो. २५ लिटरचा गीझर गार पाण्यापासून कट-ऑफ होईपर्यंत एका वेळेला सव्वा युनिट घेतो, आणि आमच्याकडे तो सकाळी तीनदा भरतो. बाकी फ्रिज, पंखे, टीव्ही हे किरकोळ. म्हणजे गार करणं आणि गरम करणं, या दोनच गोष्टी.

गीझरचा थर्मोस्टॅट ७५ वर होता. ५५ वर आणला. खर्च शून्य. ही गोष्ट १४ वर्षांपूर्वीच करायला हवी होती.

३१ ऑगस्ट

आज फक्त सवलती शोधल्या. मामेभाऊ अमेरिकेत असतो. तिथे म्हणे घरात हीट पंप (गार-गरम दोन्ही करणारं यंत्र) बसवला की वीज कंपनीच काही पैसे परत देते, वर केंद्राची ३० टक्के करसवलत, जास्तीत जास्त २,००० डॉलर. ती ३१ डिसेंबरला संपणार म्हणून त्याचीही धावपळ चाललीय. दिल्लीत बीएसईएसच्या वीज कंपन्या जुना एसी घेऊन नवा सवलतीत देतात. हे वाचून मीही हुरळलो. पण आपल्या बिलावर नवा एसी घेतला म्हणून वजावट मिळेल असं मला कुठेच सापडलं नाही.

शेजारचे काका म्हणाले, "सोलर गीझरवर सबसिडी आहे की, माझ्या मेव्हण्याला मिळाली." मेव्हण्याला मिळाली ती २०१२ साली. सोलर वॉटर हीटरवरचं केंद्राचं अनुदान २०१४ मध्येच बंद झालं. काकांना ते पटलं नाही.

आपल्याला लागू होईल अशी मोठी रक्कम एकाच ठिकाणी आहे: पीएम सूर्यघर, म्हणजे छतावरच्या सोलरसाठीची केंद्राची योजना. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार. तीन किलोवॅट किंवा त्यापुढे कितीही बसवा, ७८ हजारच. म्हणजे एसी-गीझरवर सवलत नाही, पण ते ज्या विजेवर चालतात तिच्यावर आहे. मग उलट्या बाजूने जायचं ठरवलं. वीज छतावर करायची, गीझर आहे तोच ठेवायचा, एसी बदलायचा.

१० सप्टेंबर

विसर्जन मिरवणुकीचा शीण उतरल्यावर सोलरवाला आला. टेप टाकली, फोटो काढले. पाच फूट उंचीच्या स्ट्रक्चरवर सहा पॅनेल, प्रत्येकी ५४० वॅट, एकूण ३.२४ किलोवॅट. आईने अट घातली की उन्हाळ्यात कुरडया-पापड घालायला गच्ची मोकळी हवी. म्हणून स्ट्रक्चर सात फुटांवर न्यायचं ठरलं. त्याचे जास्तीचे १४ हजार.

दक्षिणेला जिन्याची खोली, आणि तिच्यावर हजार लिटरची काळी टाकी. मी विचारलं, सावली पडेल का? दुपारचे साडेबारा वाजले होते, सावली फूट-दीड फुटावर संपत होती. सोलरवाल्याकडचा पोरगा म्हणाला, "सावलीचं काय टेन्शन न्हाई बघा, अडीच फूट जागा सोडतोय की." मीही मान डोलावली. ही नोंद लक्षात ठेवा.

त्याने दोन भाव दिले. एक डीसीआर पॅनेलचा, दुसरा जवळपास ३० हजारांनी स्वस्त. डीसीआर म्हणजे सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेले. अनुदान फक्त त्यांनाच मिळतं. स्वस्तातलं घेतलं की ३० हजार वाचतात आणि ७८ हजार जातात. हे त्याने विचारल्यावर सांगितलं, आपणहून नाही.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

आजपासून जीएसटी बदलला. एसीवर २८ चा १८ टक्के, सोलरच्या सामानावर १२ चा ५ टक्के. ऑगस्टमध्येच घाई केली असती तर फटका बसला असता. यात माझी हुशारी काही नाही, पितृपक्षात आई काही घेऊ देत नाही एवढंच.

सोलरवाल्याने मात्र कोटेशन जुनंच ठेवलं होतं. मूळ किंमत १,७६,००० आणि कर १३.८ टक्के, मिळून २,००,२८८. सोलर सिस्टीमच्या बिलात ७० टक्के रक्कम सामान धरतात आणि ३० टक्के सेवा. सामानावर आता ५, सेवेवर १८, म्हणजे एकूण ८.९ टक्के. १,९१,६६४ व्हायला हवेत. कॅल्क्युलेटर पुढे ठेवला, त्याने ८,६२४ रुपये कमी केले. कुरकुर केली नाही, पण मी बोललो नसतो तर त्यानेही काही सांगितलं नसतं.

२७ सप्टेंबर

एसी घेतला. दुकानदार पाच-तारेवर अडून बसला होता. मी दोन्ही एसींची लेबलं वाचली. दीड टनच, पण तीन-तारेवर वर्षाला ९६५ युनिट, पाच-तारेवर ७५१. फरक २१४ युनिटचा. पण लेबलवरचे आकडे वर्षाला १,६०० तास एसी चालेल असं धरून असतात. कोल्हापुरात आमचा एसी चालतो तो मार्चच्या शेवटापासून पहिला वळीव नीट पडेपर्यंत, फार तर ५०० तास. म्हणजे खरा फरक वर्षाला ६७ युनिट, आणि त्यासाठी ७,५०० रुपये जास्त. शिवाय वर सोलर येणार. तीन-ताराच घेतला, ३६,५८० ला. जुना एसी त्याने ४,००० ला उचलला.

मुंबईत किंवा नागपुरात राहत असाल तर हा हिशेब उलटा येईल. माझं बघून तीन-तारा घेऊ नका, आपले तास मोजा.

२९ सप्टेंबर

सूर्यघरच्या पोर्टलवर नोंदणी करायला बसलो. १२ आकडी ग्राहक क्रमांक टाकला आणि पुढे वडिलांचं नाव आलं. वडील जाऊन सहा वर्षं झाली. बिल दर महिन्याला त्यांच्याच नावाने येतं, आम्ही ऑनलाइन भरतो, नावाकडे कुणी बघितलंच नाही. अनुदान ज्याच्या नावाने वीजजोड त्याच्याच बँक खात्यात जातं. वडिलांचं खाते २०२० मध्ये बंद केलंय.

इथेच सगळं अडलं. सोलरवाला म्हणाला, काम करून टाकू, नाव मागाहून बघू. मी नको म्हटलं. या अख्ख्या कामात मी घेतलेला हा एकच निर्णय आज पुन्हा तसाच घेईन.

३ ऑक्टोबर

काल दसरा झाला, आज कागद गोळा केले. मृत्यूचा दाखला होता. वारस म्हणून आम्ही तिघं, बहिणीची संमती लागणार, ती इस्लामपूरला. घराच्या मालकीसाठी प्रॉपर्टी कार्ड हवं, त्यावर आईचं नाव लागलेलं होतं, नशीब. घरफाळ्याची पावती मात्र अजून वडिलांच्याच नावाची. स्टॅम्प पेपर, नोटरी, झेरॉक्स, इस्लामपूरची फेरी, सगळे मिळून १,४०० रुपये.

७ ऑक्टोबर

नावबदलाचा अर्ज ऑनलाइन भरला. पहिला अर्ज परत आला. प्रॉपर्टी कार्डाचं एकच पान जोडलं होतं, मागची बाजू स्कॅन करायची राहिली. चार दिवस गेले. दुसऱ्यांदा भरताना प्रत्येक कागदाचा फोटो बायकोला दाखवला आणि तिला एकच काम दिलं: चूक काढ. तिने दोन काढल्या.

१२ ऑक्टोबर

एसी बसवून घेतला, १,८०० रुपये. भिंतीतून जुनी तांब्याची पाइप गेलेली होती. बसवणारा म्हणाला हीच वापरू, भिंत फोडायला नको, नव्या पाइपचे चार हजार वाचतील. मला बरंच वाटलं. दहा मिनिटं चालवून बघितला, गार हवा आली, बंद केला. ऑक्टोबरात कोण एसी लावतंय.

२० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी

पहाटे साडेचारला अभ्यंगस्नानं सुरू झाली. पाहुणे धरून नऊ जण, आणि थर्मोस्टॅट ५५ वर. पाचव्या माणसाला कोमट पाणी, सहावा ओरडला. आईने सगळ्यांसमोर विचारलं, "तूच काहीतरी करून ठेवलंयस ना?" गॅसवर पातेलं चढवलं. थर्मोस्टॅट सणापुरता ६५ वर नेला, भाऊबीज झाल्यावर खाली आणला. इतर दिवशी पाच माणसांना ५५ पुरतं.

३ नोव्हेंबर

बिलावर आईचं नाव आलं! २९ सप्टेंबरपासून मोजले तर ३५ दिवस. त्याच संध्याकाळी सूर्यघरवर नोंदणी केली. आमचा मंजूर भार दीड किलोवॅटच आहे, त्याची काळजी वाटत होती. पण १० किलोवॅटपर्यंतचे अर्ज २०२४ च्या नियमानुसार तांत्रिक पाहणीशिवाय मंजूर धरतात आणि भारही त्याप्रमाणे वाढवतात. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागला नाही.

१६ नोव्हेंबर

स्ट्रक्चर उद्यमनगरात बनवून घेतलं. सोलरवाला आधी रंगवलेलं लोखंड लावणार होता. आपल्याकडे जूनपासून चार महिने जो पाऊस लागतो त्यात रंगवलेल्या अँगलचं काय होतं ते आमच्या गच्चीच्या कठड्यावर बघायला मिळतं: रंगाखालून फुगून पापुद्रे सुटतात. गॅल्व्हनाइज केलेलं, म्हणजे जस्ताचा थर दिलेलं, मागितलं. त्यातही एक गोम निघाली. भोकं गॅल्व्हनाइज केल्यानंतर पाडली होती, म्हणजे भोकाच्या कडेला उघडं लोखंड. वर्कशॉपवाल्यानेच दाखवून दिलं आणि झिंकचा रंग ब्रशने आतून लावून दिला. त्याचे पैसे घेतले नाहीत, चहा मात्र दोनदा मागवला.

२३ नोव्हेंबर

पॅनेल चढले. प्रत्येक पॅनेलच्या मागच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, अनुक्रमांकासह. एकदा वर बसले की मागे हात पोचत नाही. आम्ही सहापैकी पाचच काढले. सहाव्यासाठी पोराला परत शिडीवर चढवलं.

अर्थिंगचे तीन खड्डे लागतात: डीसी प्रवाहाचा, एसी प्रवाहाचा (हा वीजप्रवाह, गार करणारा एसी नव्हे) आणि वीजरोधकाचा वेगळा. हे कोटेशनमध्ये एका ओळीत लिहिलेलं होतं, पण खड्डे कुठे पाडणार ते मी विचारलं नव्हतं. परसात अख्खी शहाबादी फरशी. फोडली आणि परत बसवली, ३,२०० रुपये. तीन फरशा जुन्यांशी जुळत नाहीत.

शेवटी लाभार्थ्याचा पॅनेलसोबत फोटो काढायचा असतो, ठिकाणाच्या नोंदीसह. म्हणजे आईचा. गुडघे दुखतात म्हणून ती दोन वर्षं गच्चीवर आली नव्हती. नऊवारी बदलून, हळदीकुंकवाला निघाल्यासारखी वर आली आणि पॅनेलखाली उभी राहिली. पहिल्या फोटोत डोळे मिटलेले. दुसरा अपलोड केला.

५ डिसेंबर

पाहणी झाली, नेट मीटर बसला. संध्याकाळी मीटरचे आकडे बघत बसलो: आत आलेले युनिट वेगळे, बाहेर दिलेले वेगळे. पहिल्या दिवशी ९.६ युनिट तयार झाले.

१४ डिसेंबर

रोज साडेनऊ युनिटच्या आसपासच अडकतंय. आकाश निरभ्र, पॅनेल धुतलेले, तीन किलोवॅटला दिवसाला बारा युनिट तरी हवेत. बारा वाजता वर गेलो आणि खाली बसलो.

टाकीची सावली दक्षिणेकडच्या दोन पॅनेलवर पसरलेली.

१० सप्टेंबरला दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर होता. डिसेंबरात कोल्हापुरात भर दुपारीही तो क्षितिजापासून पन्नास अंशांवरच असतो. टाकीचा माथा पॅनेलच्या पातळीपेक्षा सहा फूट वर. सहा फुटांची सावली सप्टेंबरात फूट-दीड फुटावर संपते, आता पाच फूट पोचते. आम्ही सोडली होती अडीच फूट. आणि सहाही पॅनेल एकाच माळेत, त्यामुळे दोन झाकोळले की बाकीच्यांनाही ते मागे खेचतात. पोराला काय बोलणार? टेप त्याच्या हातात होती, पण मान मी डोलावली होती.

सावली बघायचीच असेल तर डिसेंबरात बघा. नाहीतर निदान उंचीएवढं अंतर उत्तरेला मोकळं सोडा, आणि पूर्व-पश्चिमेला काही उभं असेल तर आणखी.

२३ डिसेंबर

पॅनेल हलवायचे म्हणजे स्ट्रक्चर उचलायचं आणि पाहणी झालेली जोडणी सोडायची. प्लंबरने सोपा उपाय काढला. "पॅनेल कशाला हलवताय? टाकी हलवा की!" उत्तरेच्या कोपऱ्यात बाथरूमच्या डोक्यावर सहा फुटी स्टँड, टाकी त्यावर. स्टँड ३,८००, पाइप आणि मजुरी २,७००. सावली आता शेजाऱ्याच्या रिकाम्या गच्चीवर पडते. त्यांना विचारून घेतलं.

आज १२.४ युनिट.

२ जानेवारी २०२६

अनुदानासाठी बँकेचा तपशील भरला, रद्द केलेल्या चेकचा फोटो जोडला. परत आला. आईच्या खात्यावर मधल्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त. बिलावर नाही, आधारवर नाही, पासबुकावर आहे. १९९८ मध्ये खातं उघडताना कुणीतरी घातलेला.

६ ते २३ जानेवारी

बँकेच्या तीन फेऱ्या. पहिल्यांदा सर्व्हर बंद, दुसऱ्यांदा आधारची झेरॉक्स चालेना, मूळ कार्ड हवं. तिसऱ्यांदा आईला रिक्षाने घेऊन गेलो. सही जुळत नव्हती, अंगठा घेतला. नाव दुरुस्त झालं, पण नवीन चेकबुक यायला आणखी आठवडा. जुन्या चेकवर जुनंच नाव छापलेलं, तो चालत नाही. पासबुकाचं पहिलं पान नव्याने छापून घेतलं आणि ते जोडलं. ते चाललं.

११ फेब्रुवारी

७८,००० जमा झाले. मोबाइल आईचा, मेसेज तिला आला. तिला वाटलं कुणीतरी फसवतंय, म्हणून तिने तो पुसून टाकला. मला रात्री पासबुक भरून आणल्यावर कळलं.

८ मार्च

पहिल्यांदा खरं ऊन. एसी लावला, तासभर वाट बघितली, नुसता वारा. गॅस गेलेला. दुसरा माणूस बोलावला. त्याने भिंतीतल्या जुन्या पाइपचं टोक कापून बोट आत फिरवलं आणि मला दाखवलं: काळपट तेलकट चिकटा. जुना एसी आर-२२ गॅसचा होता, नवा आर-३२ चा. दोन्हीचं तेल वेगळं, आणि आर-३२ चा दाब बराच जास्त. जुन्या पाइपची घडी घातलेली जागा दाबाने सुटली आणि तिथून पाच महिने गॅस हळूहळू गेला. ऑक्टोबरात मी दहाच मिनिटं चालवला म्हणून कळलं नाही.

भिंत फोडली नाही. नवी पाइप बाहेरून, पांढऱ्या पट्टीतून नेली. पाइप, गॅस, मजुरी मिळून ६,३००. ऑक्टोबरात वाचवले होते चार हजार.

५ एप्रिल

हिशेब. सोलर १,९१,६६४, स्ट्रक्चरची उंची १४,०००, फरशी ३,२००, टाकी ६,५००, नावबदल १,४००. एकूण २,१६,७६४, त्यातून ७८,००० वजा, राहिले १,३८,७६४. एसी ३६,५८०, बसवणी १,८००, दुरुस्ती ६,३००, जुन्याचे ४,००० वजा, म्हणजे ४०,६८०. यातले ८,८०० रुपये निव्वळ माझ्या मान डोलावण्याचे: टाकीचे साडेसहा हजार आणि एसीच्या पाइपचे, वाचवलेले चार हजार वजा जाता, २,३००.

दिवस: पहिल्या नोंदणीच्या प्रयत्नापासून अनुदान जमा होईपर्यंत १३५. त्यातले ५६ वडिलांच्या नावात आणि आईच्या एका 'ए'मध्ये गेले. प्रत्यक्ष पॅनेल चढवायला दोन दिवस.

मार्चच्या बिलात युनिटचे पैसे शून्य, फक्त स्थिर आकार आणि त्यावरचे किरकोळ. जास्तीचे ६१ युनिट ३१ मार्चच्या वर्षअखेरच्या हिशेबात गेले. शेजारच्या काकांना बिल दाखवलं. ते दोन मिनिटं बघत राहिले, मग घरात जाऊन स्वतःचं बिल घेऊन आले. वर त्यांच्या आजोबांचं नाव.